एक नाव, अनेक माणसं : बॉस्टन ते वॉशिंग्टन, जुन्या दप्तरांच्या वाटेनं

जॉन, थॉमस, विल्यम, एडवर्ड, मेरी, सारा, एलिझाबेथ. वसाहतकाळातली अमेरिकन गावं एवढ्या मोजक्या नावांवर चालायची. मुलाला बापाचं नाहीतर आजोबांचं नाव ठेवायचं, ते मूल दगावलं तर पाठच्या भावंडाला पुन्हा तेच. चार भावांची घरं शेजारीशेजारी असली की चार चुलतभाऊ एकाच नावाचे निघायचे. मराठी नावात मधे बापाचं नाव बसलेलं असतं, त्यामुळे निम्मा गुंता तिथेच सुटतो. इंग्रजी वसाहतींत अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत मधलं नाव क्वचितच दिसतं. अमेरिकेतल्या अनेक मराठी घरांत आता सुनेच्या किंवा जावयाच्या बाजूनं अशी घराणी जोडली गेली आहेत आणि नातवंडांचा वंशवृक्ष काढताना हाच खडक आडवा येतो.

त्यावरचा उपाय दप्तरखान्यांतच आहे. पुढची वाट बॉस्टनहून निघून दक्षिणेकडे वॉशिंग्टनपर्यंत जाते. प्रत्येक वसाहतीनं वेगळ्या प्रकारचे कागद जपले, म्हणून प्रत्येक मुक्कामावर माणसं वेगळी करण्याची रीतही वेगळी आहे.

पहिला दिवस : बॉस्टन, न्यूबरी स्ट्रीट

सुरुवात १८४५ साली स्थापन झालेल्या न्यू इंग्लंडच्या वंशेतिहास संस्थेच्या ग्रंथालयापासून. ग्रीन लाइननं कोपली स्थानकावर उतरलं की चालत जाता येतं. इथे मॅसॅच्युसेट्सच्या गावोगावच्या जन्म-विवाह-मृत्यूच्या १८५० पर्यंतच्या छापील नोंदी, घराण्यांचे इतिहास आणि हस्तलिखितं एका छताखाली मिळतात.

पहिल्या दिवशी फक्त गोळा करायचं, जुळवायचं नाही. एक तक्ता घ्या. त्यात प्रत्येक नोंदीला एक ओळ आणि एक क्रमांक. रकाने असे : कागदावर आहे तशी तारीख, गाव, नाव जसं लिहिलंय तसं (थोरला, धाकटा, तिसरा अशी पुस्ती असेल तर तीही), धंदा, बायकोचं नाव, सही की अंगठ्याऐवजी काढलेली खूण, जमिनीचे एकर आणि जवळचा ओढा, शेजारी, साक्षीदार, आणि शेवटी खंड व पान. 'हा आपला जॉन' असं लिहायला या तक्त्यात रकानाच नसतो, आणि तो मुद्दाम ठेवायचा नाही. वंशावळींत सर्वांत जास्त नासाडी होते ती इथे. माणूस आधी ठरतो आणि मग कागद त्याला चिकटवले जातात. एकदा चिकटलेला कागद पुढे पुरावा म्हणून वावरतो आणि त्याच्या जोरावर आणखी दहा कागद चिकटतात.

छापील पुस्तकांचा एक धोका आजच लक्षात घ्या. गावाच्या मूळ वहीत कारकुनानं बऱ्याचदा एका कुटुंबाची सगळी मुलं एका पानावर लिहिलेली असतात. छापताना ती नावं अकारविल्हे लावली गेली. त्यामुळे दोन थॉमसांची मुलं एकाच रांगेत आली आणि कोणतं मूल कोणत्या पानावर होतं ही मोलाची खूण पुसली गेली. म्हणून छापील नोंद सापडली की मूळ वहीच्या पानाची प्रतिमा काढून पाहायचीच.

आता त्या पुस्त्यांबद्दल. त्या काळच्या कागदात 'सीनियर' म्हणजे त्या गावातला त्या नावाचा वयानं थोरला आणि 'ज्युनियर' म्हणजे धाकटा. ते बापलेक असतीलच असं नाही. काका-पुतण्या असतील, किंवा एकमेकांचे कोणीच नसतील. शिवाय ही पुस्ती माणसाला कायमची चिकटलेली नसते. थोरला वारला की धाकटा थोरला होतो आणि तिसरा धाकट्याच्या जागी सरकतो. म्हणजे १७१० चा 'ज्युनियर' आणि १७२५ चा 'ज्युनियर' ही दोन वेगळी माणसं असू शकतात, आणि १७१० चा 'ज्युनियर' व १७२५ चा 'सीनियर' हा एकच माणूस असू शकतो. यासाठी त्या नावाच्या प्रत्येक मृत्यूची तारीख तक्त्यात ठळक करून ठेवा. पुस्त्या तिथेच सरकतात.

नात्याच्या शब्दांचंही असंच. मृत्युपत्रातला 'कझिन' बहुधा पुतण्या किंवा भाचा असतो. 'सन-इन-लॉ' सावत्र मुलगाही असतो, 'मदर-इन-लॉ' सावत्र आईही. 'ब्रदर' हा मेहुणा, साडू किंवा चर्चमधला बंधूही निघतो. 'माझी आत्ताची बायको' असं लिहिलेलं दिसलं की पहिली बायको होतीच असा निष्कर्ष काढला जातो, तो चुकीचा. पुढे दुसरं लग्न झालं तर वाटा कोणाला जाईल याचा घोळ नको म्हणून वापरलेला तो कायदेशीर शब्दप्रयोग आहे. आणि 'मिसेस' हा मान होता, लग्नाचा दाखला नव्हे. वरच्या घरातल्या अविवाहित मुलीलाही तो लागे.

दुसरा दिवस : कोलंबिया पॉइंट

रेड लाइननं जेएफके-यूमास स्थानक, तिथून समुद्रकाठाला मॅसॅच्युसेट्सचा राज्य अभिलेखागार. ओळखपत्र, शिसपेन्सिल आणि फ्लॅश बंद केलेला कॅमेरा एवढंच बरोबर असावं. कोणत्या कौंटीची (म्हणजे जिल्ह्याची) मूळ कागदपत्रं इथे आहेत आणि कोणती मायक्रोफिल्मवर किंवा ऑनलाइन पाहायची, हे आदल्या दिवशी विचारून ठेवलं तर सकाळ वाया जात नाही.

आजचं काम मूळ कागदांवरच्या हस्ताक्षराचं. इथे एक गोष्ट नवख्यांच्या ध्यानात येत नाही. खरेदीखतांच्या नोंदवहीत जी सही दिसते ती कारकुनाची नक्कल असते. त्या पानावरच्या दोन सह्या सारख्या दिसल्या, तर एवढंच कळतं की नक्कल एकाच कारकुनानं केली. खरी सही मूळ मृत्युपत्रावर, जामीनखतावर, मालमत्तेच्या यादीवर किंवा कोर्टातल्या अर्जावर मिळते. वारसाहक्काच्या नुसत्या पुस्तकातल्या नकलेवर थांबू नका. मागणी सुट्या कागदांच्या पाकिटाची करा. त्यात जामीनखत, यादी, देणेकऱ्यांचे हिशेब, अज्ञान मुलांच्या पालकाची नेमणूक आणि वाटणीचा कागद अशी बरीच सामग्री निघते.

ज्याला लिहिता येत नव्हतं तो खूण करायचा, आणि ती नेहमी फुली नसायची. कोणी नावाचं आद्याक्षर काढी, कोणी धंद्याचं चिन्ह. इंग्रजी जे (J) अक्षराची जागा तेव्हा अनेकदा आय (I) घेई, त्यामुळे जॉनची खूण उभी रेघ असू शकते. नकलेतही कारकून खुणेचा आकार काढायचा प्रयत्न करत, म्हणून सहीपेक्षा खूण नकलेत जास्त उपयोगी पडते. एक जॉन १६७० पासून सुबक सही करतोय आणि १६७५ ला त्याच गावातला जॉन खूण करतोय, तर दोन माणसं असण्याची शक्यता मोठी. पण मृत्यूशय्येवरच्या खुणेवरून असा निष्कर्ष काढू नका. हात थरथरत असले की सही येणारा माणूसही खूणच करी.

खरेदीखतावर तीन तारखा असतात : दस्त लिहिल्याची, न्यायाधीशापुढे कबुली दिल्याची, आणि वहीत नोंदवल्याची. या तिन्हींत वर्षानुवर्षांचं अंतर पडू शकतं. कबुलीच्या तारखेला विकणारा जिवंत आणि तिथे हजर होता, हे पक्कं. नोंदवण्याच्या तारखेला तो असेलच असं नाही. सूचीत बहुधा वहीचा क्रम लागतो, त्यामुळे मेलेला माणूस जमीन विकताना दिसतो आणि लोक तिथे नसलेला एक नवा मुलगा उभा करतात.

वाटणीच्या कागदात आणखी एक हुकमी खूण आहे. मॅसॅच्युसेट्समध्ये मृत्युपत्र न करता माणूस वारला तर १६४१ च्या कायद्यानं थोरल्या मुलाला दुप्पट वाटा मिळे. चार मुलं असतील तर मालमत्तेचे पाच भाग होतात. पाच भागांपैकी दोन ज्याच्या नावावर गेले तो थोरला, मग जन्मनोंद असो वा नसो.

तिसरा दिवस : सेलम आणि डॅनव्हर्स

नॉर्थ स्टेशनवरून उपनगरी गाडीनं सेलम साधारण अर्ध्या तासावर. या गावाला पर्यटक १६९२ च्या चेटूक खटल्यांसाठी येतात. नामसाधर्म्यानं इतिहासच कसा बिघडतो, याचं सर्वांत स्पष्ट उदाहरणही याच खटल्यांत आहे, म्हणून इथे पूर्ण दिवस द्यायचा.

चार्टर स्ट्रीटच्या दफनभूमीला लागून १९९२ साली उभारलेलं स्मारक आहे. त्यातल्या एका दगडावर ब्रिजेट बिशप हे नाव आणि १० जून १६९२ ही फाशीची तारीख. त्या खटल्यांत फासावर गेलेली ती पहिली. पिढ्यान् पिढ्या तिची कथा अशी सांगितली गेली : सेलम शहराबाहेरच्या सेलम व्हिलेज या वस्तीत रस्त्यावर मद्यगृह चालवणारी, रात्री उशिरापर्यंत तरुणांना खेळवणारी, लाल बॉडिस (घट्ट चोळीवजा वस्त्र) घालणारी बिनधास्त बाई. या वर्णनात दोन बायका एकत्र झाल्या आहेत. १९८१ साली वंशेतिहासाचे अभ्यासक डेव्हिड ग्रीन यांनी कागद वेगळे करून हे दाखवून दिलं. त्यांनी वापरलेले पुरावे आज कोणालाही वाचता येतात, म्हणून ते एकेक करून पाहू.

गोंधळाचं मूळ नवऱ्याच्या नावात. त्या परिसरात एकाच वेळी किमान तीन एडवर्ड बिशप होते. १८ एप्रिल १६९२ च्या अटक वॉरंटमध्ये ब्रिजेटचा नवरा एडवर्ड बिशप 'सेलमचा, करवत्या' असा आहे, म्हणजे लाकूड कापणारा. तीनच दिवसांनी, २१ एप्रिलला निघालेल्या दुसऱ्या वॉरंटमध्ये एडवर्ड बिशप शेतकरी आणि त्याची बायको सारा, सेलम व्हिलेजचे. धंदा वेगळा, बायको वेगळी, वस्ती वेगळी. तक्त्यात या दोन ओळी एकाखाली एक आल्या तर डोळ्यांना लगेच खटकतात. सुट्या वाचल्या तर 'एडवर्ड बिशपची बायको' एवढंच लक्षात राहतं.

आता मद्यगृहाची साक्ष. बेव्हर्लीचे धर्मगुरू जॉन हेल यांनी एका 'गुडवाइफ' (म्हणजे घरधनीण) बिशपविरुद्ध सांगितलं की तिच्या घरी अवेळी पिणं आणि शव्हलबोर्डचा (टेबलावर चकत्या सरकवण्याचा) खेळ चाले, आणि शेजारीण ख्रिश्चन ट्रास्क हिनं त्याबद्दल तक्रार केली होती. त्या साक्षीत ती बाई 'एडवर्ड बिशप ज्युनियरची बायको' आहे, आणि ट्रास्कचं घर बेव्हर्लीच्या हद्दीला लागून. ही वस्ती साराची. ब्रिजेटचं घर सेलम शहरात, तिचा आधीचा नवरा थॉमस ऑलिव्हर याच्याकडून आलेल्या जागेवर. ऑलिव्हर १६७९ मध्ये मृत्युपत्र न करता वारला आणि मालमत्तेचा कारभार तिच्याकडे आला. म्हणजे जमिनीचा कागदच ती कुठे राहत होती ते सांगतो.

तिसरा धागा तिच्या स्वतःच्या बोलण्याचा. १९ एप्रिलला व्हिलेजमध्ये चौकशी झाली तेव्हा आपण या लोकांना कधी पाहिलेलं नाही आणि या जागी पूर्वी कधी आलेलो नाही, असं तिनं सांगितलं. मद्यगृह तिथेच असतं तर भरल्या सभेत हे बोलणं कोणीही खोडून काढलं असतं.

लाल बॉडिस मात्र खरंच ब्रिजेटचं. ते तिच्याविरुद्धच्या एका साक्षीत आहे आणि तिथे तिचं नाव 'ऊर्फ ऑलिव्हर' असं जोडून येतं. हे 'ऊर्फ' विधवेचं पुनर्लग्न ओळखायला फार कामाला येतं. गावकरी तिला आधीच्या नवऱ्याच्या नावानंच हाक मारत राहिले, आणि जिथे तो शब्द आहे तिथे सारा असूच शकत नाही. सारा आणि तिचा नवरा तुरुंगातून निसटले आणि वाचले. ब्रिजेटला मात्र मेल्यावरही दुसऱ्या बाईची वागणूक चिकटली. नामसाधर्म्याकडे तांत्रिक अडचण म्हणून पाहणाऱ्यांनी या दगडापाशी थोडं थांबावं. चुकीची जोडणी मेलेल्या माणसावर खोटा आळ घालू शकते.

दुपारी डॅनव्हर्स. जुनं सेलम व्हिलेज ते हेच. १७५२ मध्ये ते वेगळं झालं. इथे रेल्वे नाही, मोटार किंवा बस घ्यावी लागते. गावाच्या ग्रंथालयातल्या अभिलेख विभागात खटल्यांविषयी मोठा संग्रह आहे. इथला धडा अॅन पुटनमचा. आई अॅन आणि बारा वर्षांची लेक अॅन, दोघीही 'पीडित', म्हणजे चेटकाची बाधा झाल्याचं सांगणाऱ्या, म्हणून खटल्यांत आल्या. कागदात 'थॉमस पुटनमची बायको' किंवा 'ज्युनियर' असं असेल तर प्रश्न नाही, बायकांच्या नावापुढेही ही पुस्ती लागत असे. नुसतं 'अॅन पुटनम' असेल तर साक्षीचा मजकूर, वय आणि त्या दिवशी कोण हजर होतं ते पाहावं लागतं. १७०६ साली चर्चपुढे क्षमा मागणारी अॅन मात्र लेकच, कारण आई आणि वडील दोघंही १६९९ मध्ये वारले होते.

चौथा दिवस : हार्टफर्ड

रेल्वेनं स्प्रिंगफील्ड किंवा न्यू हेवनला गाडी बदलावी लागते, थेट बस सोपी पडते. कनेटिकट राज्य ग्रंथालयात बार्बर संग्रह आहे : गावांच्या साधारण १८५० पर्यंतच्या जन्म-विवाह-मृत्यू नोंदींचा एकत्र गोषवारा. तो अतिशय सोयीचा, पण गोषवाराच. मूळ वही पाहण्याची सक्ती इथेही आहे.

या संग्रहात 'जॉन आणि मेरीची मुलं' अशी लांब रांग सापडते, तेव्हा जन्मतारखा क्रमानं लावा आणि दोन अंतरं तपासा. त्या काळी अंगावर पिणाऱ्या मुलांमुळे दोन बाळंतपणांत बहुधा दोन वर्षं जात. पाच-सहा महिन्यांच्या अंतरानं दोन जन्म दिसले की दोन जोडपी. आणि पहिल्या-शेवटच्या मुलात २७-२८ वर्षांपेक्षा जास्त अंतर असेल तर दोन मेरी असण्याची शक्यता मोठी : एकाच जॉननं एकामागून एक केलेल्या दोन मेरी, नाहीतर दोन जॉनच्या दोन मेरी. यातलं कोणतं, ते मृत्यूनोंद आणि खरेदीखतावरची बायकोची संमती ठरवते.

तारखांचा हिशेबही इथेच पक्का करून घ्या. १७५२ पर्यंत इंग्रजी वसाहतींत वर्ष २५ मार्चला बदलायचं. म्हणून १ जानेवारी ते २४ मार्चमधल्या तारखा १६९१/९२ अशा दुहेरी लिहिल्या जात; सेलमची पहिली वॉरंटं २९ फेब्रुवारी १६९१/९२ ची आहेत. कारकुनानं एकच आकडा लिहिला असेल तर तो जुना की नवा, हे त्याच पानावरच्या मागच्या-पुढच्या नोंदींवरून ठरतं. महिने आकड्यांत असले तर 'पहिला महिना' म्हणजे मार्च आणि 'बारावा' म्हणजे फेब्रुवारी. हे न कळल्यामुळे मूल आईबापांच्या लग्नाआधी जन्मलेलं दिसतं, आणि वंशावळ करणारा त्यासाठी एक वेगळी आई शोधून काढतो.

संध्याकाळी वेळ उरला तर विन्थ्रॉप घराणं डोळ्यांखालून घाला. मॅसॅच्युसेट्सचे गव्हर्नर जॉन विन्थ्रॉप १६४९ ला वारले, त्यांचे चिरंजीव जॉन कनेटिकटचे गव्हर्नर, ते १६७६ ला वारले, आणि त्यांचेही चिरंजीव जॉन १६९८ ते १७०७ कनेटिकटचेच गव्हर्नर. तिसऱ्याला फिट्झ-जॉन म्हणत, म्हणून बरं. नुसतं 'गव्हर्नर विन्थ्रॉप' लिहिलेल्या पत्राला तारीख नसेल तर भले भले अडकतात.

पाचवा दिवस : फिलाडेल्फिया

इथे दोन समाज, दोन युक्त्या. क्वेकर या ख्रिस्ती पंथाचे कागद शहराबाहेर स्वार्थमोर आणि हॅवरफर्डच्या महाविद्यालयांत आहेत; स्वार्थमोरला उपनगरी गाडी जाते. क्वेकर माणूस गाव सोडताना आपल्या मासिक सभेकडून दाखला घेई आणि नव्या सभेत तो दाखल करी. दोन्ही सभांच्या इतिवृत्तांत तारखा मिळतात, म्हणून कोणता विल्यम कधी कुठे गेला हे जवळजवळ महिन्याच्या हिशेबानं कळतं. लग्नाच्या दाखल्यावर हजर असलेले सगळे सही करत, आणि जवळचे नातेवाईक सहसा नवरा-नवरीच्या खालोखाल. एका दाखल्यावर एकाच नावाच्या दोन सह्या मिळाल्या तर दोन माणसं होती, यात वादच उरत नाही.

जर्मन घराण्यांत गोंधळ वेगळा. एका बापाचे पाच मुलगे योहान हाइनरिश, योहान पेटर, योहान गेओर्ग असे बाप्तिस्मा घेतलेले असतात. हाक मारायचं नाव दुसरं. एकटं 'योहानेस' असेल तोच खरा जॉन. इंग्रज कारकुनानं मात्र कधी पहिलं नाव उचललं, कधी दुसरं, त्यामुळे एकच पेटर कर यादीत जॉन झाला. १७२७ पासून फिलाडेल्फियात उतरणाऱ्या या लोकांकडून निष्ठेची शपथ घेतली जाई आणि तिच्यावर त्यांनी स्वतः सह्या केल्या. त्या सह्यांची छायाचित्रं छापलेली आहेत. जहाजावरची सही आणि तीस वर्षांनंतरच्या मृत्युपत्रावरची सही शेजारी ठेवा. जर्मन लिपीतलं अक्षर असेल तर तुलना आणखी सोपी होते.

सहावा दिवस : रिचमंड

फिलाडेल्फियाहून थेट रेल्वे आहे. व्हर्जिनियाचं राज्य ग्रंथालय ब्रॉड स्ट्रीटवर. इथे न्यू इंग्लंडची सवय सोडावी लागते. गावाच्या जन्मनोंदी नाहीत, चर्चच्या वह्या तुटक आहेत, आणि पुष्कळ कौंट्यांचे कागद जळलेत. एप्रिल १८६५ मध्ये, यादवी युद्धात रिचमंड पडताना, सुरक्षित राहतील म्हणून इथे आणून ठेवलेली अनेक कौंट्यांची दप्तरं आगीत गेली. बकिंगहॅमचं कोर्ट १८६९ ला जळलं. उरलेल्या कागदांत जमीन आणि कर हेच आधार.

प्रत्येक जमिनीला दोन प्रश्न विचारायचे : याच्याकडे ती कशी आली, आणि याच्याकडून ती कशी गेली. आलेला आणि गेलेला कागद जुळला की एक माणूस पक्का झाला. विकल्याचा कागद आहे पण घेतल्याचा नाही, तर ती वारसानं आली असण्याची शक्यता मोठी. इथे मृत्युपत्र नसेल तर जमीन थोरल्या मुलाकडे जाई, आणि तो नियम १७८० च्या दशकात मोडला. घेतल्याचा आहे पण विकल्याचा नाही, तर मृत्युपत्र किंवा शेजारची कौंटी शोधा. विकताना बायकोनं आपला हक्क सोडल्याची वेगळी कबुली असते. तिच्यातलं नाव दोन जॉनना वेगळं करतं. एकाच महिन्यात एकाची बायको अॅन आणि दुसऱ्याची लूसी असेल तर काम झालं.

चतुःसीमा वाचून नकाशा काढणं कंटाळवाणं असलं तरी टाळू नका. दस्तात 'ओढ्याकाठच्या पांढऱ्या ओकपासून उत्तर ४५ अंश पूर्व, १२० पोल' अशी भाषा असते. एक पोल म्हणजे साडेसोळा फूट, ३२० पोल म्हणजे एक मैल, आणि १६० चौरस पोल म्हणजे एक एकर. सरकारी स्थलदर्शक नकाशा १ : २४००० प्रमाणात असतो, त्यावर एक इंच म्हणजे २००० फूट, साधारण १२१ पोल. त्याच मापानं पारदर्शक कागदावर आकृती काढली की ओढ्यावर सरकवून बसवता येते. आकृती थोडी उघडी राहते. होकायंत्राची चूक आणि साखळीची ढिलाई असतेच. एखादी बाजू फारच चुकत असेल तर कारकुनानं नक्कल करताना एक ओळ गाळली असं समजून त्याच जमिनीचा आधीचा किंवा नंतरचा दस्त काढा.

वैयक्तिक मालमत्तेच्या कर याद्या १७८२ पासून आहेत. दरवर्षीची यादी सलग पाहायची, एखादं वर्ष नव्हे. अनेक याद्यांत नोंद घेतल्याची तारीख असते, त्यामुळे एकाच दिवशी नोंदलेली माणसं एकाच रस्त्यावरची. दोन जॉन असतील तर लेखनिक 'जॉन, थॉमसचा मुलगा', 'जॉन, लोहार' किंवा ओढ्याच्या नावानं फरक करतो. ती खूण एखाद्या वर्षी गळते. म्हणून घोडे, गुरं आणि गुलामांचे आकडे शेजारच्या वर्षांशी ताडून पाहावे लागतात. बड्या घरांत हेच काम मळ्याच्या नावानं होई : क्लीव्हचा चार्ल्स कार्टर (१७०७-१७६४) आणि शर्लीचा चार्ल्स कार्टर (१७३२-१८०६) हे काका-पुतण्या समकालीन, कागदात मळा नसेल तर दोघांची गल्लत होते.

जेफर्सन घराणं सरावाला चांगलं. राष्ट्राध्यक्षांचे पणजोबा थॉमस, आजोबा थॉमस, आणि ते स्वतः थॉमस. पणजोबा १६९७ च्या सुमारास वारले, आजोबा १७३१ ला. १६९० च्या दशकातली हेनरायको कौंटीतली प्रत्येक थॉमस जेफर्सन नोंद या दोन बिजागऱ्यांवर तपासायची. त्यातच कौंट्या फुटतात : हेनरायकोतून १७२८ ला गूचलंड, गूचलंडमधून १७४४ ला अल्बमार्ल, हेनरायकोतूनच १७४९ ला चेस्टरफील्ड. माणूस घरातून हलला नाही तरी त्याचे कागद दोन-तीन कोर्टांत पडतात. शोधणाऱ्याला वाटतं की एक जॉन नाहीसा झाला आणि शेजारच्या कौंटीत दुसरा उगवला.

सातवा दिवस : ईस्टव्हिल

मोटारीनं चेसापीक उपसागरावरचा पूल-बोगदा ओलांडून नॉर्थहॅम्प्टन कौंटी. इथल्या कोर्टाचे कागद १६३२ पासून अखंड आहेत. देशात इतके जुने सलग कोर्टकागद दुसरीकडे नाहीत. जळालेल्या कौंट्यांत हरवलेली साखळी इथे पूर्ण दिसते, म्हणून रीत शिकायला हे ठिकाण उत्तम.

इथे साक्षीदार आणि शेजाऱ्यांवर भर द्या. माणूस एकटा व्यवहार करत नाही. कर्जाला जामीन राहणारा, मृत्युपत्रावर साक्ष घालणारा, यादी करणारा, हे बहुतेक मेहुणे, सासरे, शेजारी असतात. दोन जॉनभोवतीची ही दोन वर्तुळं वेगळी असतात. प्रत्येक जॉन नोंदीतल्या साक्षीदारांची नावं तक्त्यात भरली की रांगा आपोआप दोन ढिगांत विभागतात. कोर्टाच्या रोजच्या हुकमांची वही न चुकता वाचा. सूचीत फक्त वादी-प्रतिवादी असतात, साक्षीदार आणि ज्युरी नसतात. एका ज्युरीत दोन जॉन बसलेले त्याच वहीत सापडतात. आता हस्ताक्षर वाचणारा संगणकीय शोधही जमीन व वारसाच्या अमेरिकन दप्तरांवर उपलब्ध आहे. २०२४ पासून फॅमिलीसर्च या वंशावळीच्या संकेतस्थळानं तो सुरू केला, आणि साक्षीदारांची नावं त्यात शोधता येतात. तो अक्षर चुकीचं वाचतो, म्हणून आडनावाच्या तीन-चार स्पेलिंगांनी शोधा.

आठवा दिवस : वॉशिंग्टन

पेन्सिल्व्हेनिया अॅव्हेन्यूवरच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आधी संशोधकाचं कार्ड काढावं लागतं. पहिली जनगणना १७९० ची, पण तिच्यात नाव फक्त घरप्रमुखाचं; बाकी सोळा वर्षांवरचे गोरे पुरुष, त्याखालचे, गोऱ्या स्त्रिया, इतर स्वतंत्र माणसं आणि गुलाम असे नुसते आकडे. व्हर्जिनियाच्या मूळ याद्या हरवल्या आहेत. तिथली म्हणून जी '१७९० ची जनगणना' छापली जाते ती १७८२ ते १७८५ च्या याद्यांवरून रचलेली, हे विसरलं की एखाद्या माणसाचं आयुष्य पाच ते आठ वर्षांनी वाढलेलं दिसतं.

खरं सोनं आहे ते स्वातंत्र्ययुद्धाच्या निवृत्तिवेतनाच्या फायलींत. १८३२ च्या कायद्याखाली अर्ज करणाऱ्याला जन्म कुठे, वयाचा पुरावा काय, भरती झाला तेव्हा कुठे राहत होता, नंतर कुठे गेला, अधिकारी कोण, हे शपथेवर सांगावं लागे आणि शेजाऱ्यांनी दुजोरा द्यावा लागे. १८२० मधल्या अर्जांना मालमत्तेची यादी जोडलेली असते आणि अनेकदा घरातल्यांची वयंही. फायलीवर एस म्हणजे हयात सैनिक, डब्ल्यू म्हणजे विधवा, आर म्हणजे नाकारलेला अर्ज. नाकारलेले अर्ज आधी वाचा. नाकारण्याचं कारण कधी कधी असं असतं की त्या नावाचा सैनिक दुसराच होता.

सेवेच्या कार्डांबाबत सावध राहायला हवं. ती युद्धाच्या वेळची नव्हेत. जुन्या हजेरीपटांवरून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ती उतरवली गेली, आणि एका नावाची, एका रेजिमेंटची कार्डं एका पाकिटात ठेवली गेली. त्या पाकिटात दोन माणसं असू शकतात. कंपनीचा कप्तान आणि महिना वेगळे करून लिहा. एकाच महिन्यात दोन कप्तानांकडे हजर असलेला सैनिक एक नसतो.

गुलाम म्हणून ठेवलेल्यांना वेगळं ओळखणं सर्वांत कठीण, कारण कागदात आडनाव नाही आणि नावही मालकाच्या यादीतलं. पोटोमॅककाठच्या माउंट व्हर्नॉनला जॉर्ज वॉशिंग्टन यांनी जून १७९९ मध्ये केलेली ३१७ जणांची यादी म्हणूनच मोलाची. तीत मळा, काम, आणि पुष्कळांचे जोडीदार कोणत्या मळ्यावर आहेत ते लिहिलंय. अशा यादीत एका नावाची माणसं मळा, वय आणि जोडीदार यांवरून वेगळी करायची. इतर घराण्यांच्या वारसा-याद्यांत किंमत लिहिलेली असते. दोन यादींमधल्या किमतीच्या चढउतारावरून वयाचा अंदाज येतो, आणि मूल आईच्या नावाला जोडून लिहिलेलं असेल तर ती ओळ कधीही संक्षिप्त करू नका.

डीएनएची जागा शेवटी. बापाकडून मुलाकडे जाणाऱ्या वाय गुणसूत्राची चाचणी दोन बिनसंबंधित जॉन स्मिथ घराणी ठामपणे वेगळी करते. दोन सख्ख्या चुलतभावांना मात्र ती सहसा वेगळं करू शकत नाही, त्यांचं वाय जवळजवळ सारखंच असतं. बाकी डीएनए पाच-सहा पिढ्यांनंतर इतका विरळ होतो की १७०० मधल्या माणसाबद्दल त्यावर निकाल देऊ नये.

आता तक्ता उघडा आणि रांगांना रंग द्या : आधी जमिनीची साखळी जुळलेल्या, मग बायको जुळलेल्या, मग सही किंवा खूण, शेवटी साक्षीदारांचं वर्तुळ. या चारपैकी दोन स्वतंत्र आधार मिळाले तरच रांग त्या माणसाच्या नावे. एकच आधार असेल तर प्रश्नचिन्ह लावा. काही रांगा कोणाच्याच होणार नाहीत. त्या 'न ठरलेल्या' म्हणून वंशावळीच्या शेवटी क्रमांकासह जशाच्या तशा छापा, म्हणजे पुढच्या शोधकाला एखादं नवं खरेदीखत मिळालं तर ते कुठे जोडून पाहायचं हे त्याला कळेल.